चाकांवरची मांडणी आणि तिच्याबद्दलचे पक्के गैरसमज

घरच्या घरी एक लाकडी मांडणी करायची आणि तिला चार चाकं लावायची, हे काम हौशी सुतारकाम करणाऱ्या अनेकांच्या यादीत अगदी वर असतं. दिसायलाही ते सोपं दिसतं: एक चौकोनी खोकं, दोन-तीन फळ्या, खाली चाकं. शहरातल्या आखूड स्वयंपाकघरात त्याचा उपयोगही खरा आहे. कांदे-बटाटे, तेलाचा डबा, मिक्सर, पिठाचे डबे ओट्याखाली राहतात, हवे तेव्हा बाहेर ओढता येतात आणि लादी पुसताना सगळा पसारा एका हाताने बाजूला होतो.

मात्र भिंतीला टेकलेली मांडणी आणि चाकांवरची मांडणी यांची जात वेगळी. पहिलीचे बरेच दोष भिंत सांभाळून घेते. चाकं लागली की तो आधार जातो. ढकलणं, वळवणं, उंबऱ्याला अडखळणं हा सगळा ताण जोडांवर आणि चाकांवर येतो. दुकानात, शेजारीपाजारी मिळणारे सल्ले बहुतेक स्थिर मांडणीचे असतात, आणि म्हणूनच ते इथे फसतात. बोलायला सोपं जावं म्हणून एक माप धरू: ४५ सेंटीमीटर रुंद, ४० खोल, चाकांसह ७५ उंच, तीन फळ्या.

“प्लाय जाड घेतलं की मांडणी भक्कम”

अर्धं खरं. फळी किती वाकते ते जाडीवर अवलंबून असतंच, आणि तेही घनाच्या हिशेबाने. १२ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटरची फळी घेतली तर ती दीडपट नव्हे, सुमारे ३.४ पट ताठ होते. पण अंतराचाही हिशेब तसाच आहे. तेवढंच वजन पसरून ठेवलं आणि दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. आपल्या मांडणीत अंतर जेमतेम ४५ सेंटीमीटर आहे. तिथे १२ मिलिमीटरच्या फळीला पुढच्या कडेखाली चार सेंटीमीटरची पट्टी उभी चिकटवली, तर पिठाचे डबे ती आरामात पेलते. बाजूच्या उभ्या फळ्या मात्र १८ च्याच हव्यात, कारण स्क्रू त्यांच्यात बसायचे असतात.

चाकांवरची मांडणी मोडते ती सहसा फळी वाकून नाही, तर अंग तिरकं होऊन. ढकलल्यावर चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो, जोड कुरकुरतात, काही महिन्यांनी स्क्रूची भोकं मोठी होतात. हे जाडीने थांबत नाही. त्याला पाठ लागते. सहा मिलिमीटरचं प्लाय मागून पूर्ण कडेने गोंद आणि स्क्रू लावून बसवलं की अंग हलायचं थांबतं. हवा खेळती राहावी म्हणून पाठ नको असेल, तर निदान एक तिरपी पट्टी किंवा वर-खाली दोन रुंद आडव्या पट्ट्या तरी हव्यात. पाठ लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर काम गुण्यात आहे. नुसत्या नजरेवर विसंबू नये.

“चाकं चार, म्हणून वजनाचे भाग चार”

मांडणी आणि सामान मिळून ६० किलो होत असेल, तर १५ किलो झेपणारी चार चाकं पुरतात, असं गणित मांडलं जातं. पण आपल्या घरातली लादी सपाट नसते. शहाबादी फरशीच्या सांध्यात, मोरीकडच्या उतारावर चारपैकी एक चाक बऱ्याचदा अधांतरी राहतं आणि सगळं वजन उरलेल्या तिघांवर येतं. म्हणून एकूण वजनाला चाराने नव्हे, तिनाने भागायचं: २० किलोचं चाक घ्या. शिवाय चाकावर लिहिलेलं वजन गुळगुळीत जमिनीवर सावकाश ढकलण्यासाठीचं असतं, हे लक्षात ठेवून थोडं वरचंच घ्यावं.

व्यासाकडे लोक त्याहून कमी लक्ष देतात. दीड इंची चाक फरशीच्या फटीतही अडतं, तीन इंची सहज ओलांडतं. स्वयंपाकघराबाहेर न जाणाऱ्या मांडणीला दोन इंच चालतील, उंबरा ओलांडायचा असेल तर तीनच्या खाली जाऊ नये. नायलॉनचं चाक टिकाऊ आणि स्वस्त, पण आवाज करतं आणि त्यात अडकलेला वाळूचा कण लादीवर ओरखडे काढतो. काळं रबर शांत असतं, मात्र फिक्या किंवा विनाइलच्या जमिनीवर डाग सोडू शकतं. घरासाठी पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं चाक मला सगळ्यात बरं वाटतं.

आणि ही चाकं बसवायची कशात? १२ मिलिमीटरच्या तळफळीत आखूड स्क्रू मारून लावलेली चाकं पहिल्याच जोरदार धक्क्याला उपटून येतात. चारही कोपऱ्यांत आतून लाकडी ठोकळे चिकटवावेत, म्हणजे लांब स्क्रूला पकड मिळते. नाहीतर सरळ नट-बोल्ट आणि वायसर वापरावेत.

“जड सामान खाली ठेवलं की मांडणी कलंडत नाही”

हा गैरसमज सगळ्यात धोक्याचा, म्हणून जरा तपशिलात जाऊ. चाक फटीत अडलं आहे आणि आपण वरून ढकलतो आहोत, अशा वेळी मांडणी उलटायला किती जोर लागेल, हे तीन गोष्टींवर ठरतं: एकूण वजन, चाकांमधलं अंतर आणि हात लावतो ती उंची. सामान वर आहे की खाली, याचा त्या पहिल्या जोराशी संबंध नाही. सामान खाली असल्याचा फायदा पुढे दिसतो. मांडणी एकदा कलायला लागली की जास्त कोनापर्यंत कलून ती परत जागेवर येऊ शकते, आणि धावत्या मांडणीला अचानक अडथळा आला तर ती कमी झोकांडते. तेव्हा जड वस्तू खाली ठेवाव्यातच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

आता फिरत्या चाकाची गंमत पाहा. त्याचा जमिनीला टेकणारा बिंदू, ते ज्या खिळीवर वळतं तिच्या बरोबर खाली नसतो, दोन-अडीच सेंटीमीटर बाजूला असतो. सगळी चाकं आतल्या बाजूला वळली की मांडणीचा पाया प्रत्यक्षात अरुंद होतो. आपल्या ४० सेंटीमीटर खोल मांडणीत पुढच्या-मागच्या खिळ्यांमधलं अंतर समजा ३४ आहे. चाकं आत वळल्यावर ते २९ च्या आसपास उरतं. ४० किलोची मांडणी वरच्या कडेला धरून ढकलली, तर ती उलटायला साधारण पावणेआठ किलोचा जोर लागेल. हे ठीक आहे.

फ्रिज आणि भिंतीमधल्या फटीत सरकणाऱ्या उंच, सडपातळ मांडणीला हेच गणित लावा. रुंदी २० सेंटीमीटर, उंची एक मीटर, भरलेलं वजन २५ किलो. खिळ्यांमधलं अंतर १४, चाकं आत वळली की ९. फटीतून बाहेर ओढलेल्या अशा मांडणीला वरून बाजूला ढकलायला जेमतेम १,१०० ग्रॅमचा जोर पुरतो. चालायला शिकणारं मूल आधाराला हात लावेल तेवढाच! या जागेसाठी न वळणारी, फक्त पुढे-मागे जाणारी चाकं लावली तर पाया १४ चा राहतो आणि आकडा पावणेदोन किलोवर जातो. तोही फार नाही. उंची रुंदीच्या अडीचपटीहून जास्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात लहान मूल असेल तर ही सडपातळ मांडणी करूच नये.

रुंद मांडणीला चारही चाकं फिरती लावली तर ती आडवीही सरकते, अरुंद जागेत ते सोयीचं. चारपैकी निदान दोन चाकांना ब्रेक हवाच.

“मरीन प्लाय म्हणजे पाण्याची चिंता संपली”

आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते, हे खरं. पण ती मुख्यतः गोंदाची परीक्षा आहे. थर सुटत नाहीत याचा अर्थ लाकूड पाणी पीत नाही असा होत नाही. आयएस ३०३ मधलं एमआर प्लाय तर दमट हवेपुरतंच आहे, पाण्यासाठी नाही. कपडे, पुस्तकं ठेवायला ते चालतं, स्वयंपाकघरासाठी बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं प्लाय घ्यावं. मरीनचा खर्च या कामाला मला अनाठायी वाटतो. त्याऐवजी कडांकडे लक्ष द्यावं. प्लाय पाणी पितं ते कापलेल्या कडेतून, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते तळाच्या कडेकडे, जिथे ओलं फडकं रोज लागतं. पट्टी किंवा एज बँड लावा, तळालाही पॉलिश किंवा रंगाचा हात द्या.

सनमायकाचंही तसंच. एकाच बाजूला लावला तर पातळ फळी काही दिवसांनी पन्हाळीसारखी वाकते, कारण दोन्ही बाजू ओलावा सारख्या घेत नाहीत. दुसऱ्या बाजूला स्वस्तातला का होईना, पण सनमायका हवा.

“सागवान ते सागवान”

साग उत्तम लाकूड आहे, यात वाद नाही. पण अखंड लाकडाची रुंद फळी पावसाळ्यात आडवी फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. साग हे इतरांपेक्षा कमी करतो, इतकंच. चारही बाजूंनी गोंदाने जखडलेली अखंड फळी कधीतरी तडकते. या कामाला प्लायच सोयीचं. साग पट्ट्यांना आणि दांड्याला वापरा.

“पॅलेटचं लाकूड फुकट, म्हणून फायद्याचं”

परदेशी माल येतो त्या लाकडी पॅलेटवर शिक्का असतो. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं. एमबीचं लाकूड घरात आणू नये. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनांचे डाग असतील, तरी सोडून द्यावं. एचटी चालेल, मात्र त्या उष्णतेने तेव्हाची कीड मेलेली असते, पुढे लागणारी वाळवी त्याने टळत नाही.

“फेविकॉल आणि चुका, बस्स”

पांढरा गोंद फळीच्या सपाट अंगावर लाकडाइतकाच मजबूत धरतो, पण दोन अटींवर: फट नको आणि दाब हवा. शिकंज्यात न आवळलेला सांधा हा खरा सांधाच नव्हे. वर हात लावून कोरडा वाटला, तरी पूर्ण जोर धरायला तो २४ तास घेतो. चुका ओढणीला सुटतात, म्हणून इथे स्क्रूच हवेत, तेही आधी बारीक भोक पाडून. भोक न पाडता प्लायच्या कडेत स्क्रू घातला की थर फाकतात. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे काळे जिप्सम स्क्रू कडक पण ठिसूळ असतात, आडव्या धक्क्याने मान मोडते. लाकडाचे स्क्रू मागून घ्या.

मापाचा एक बारकावा. सुतार ज्याला सहा सुती म्हणतात ते पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. बाजारातलं प्लाय प्रत्यक्षात १८ असतं. दोन बाजूंचे मिळून दोन मिलिमीटर फरक पडतो आणि आतली फळी तोकडी पडते. फळ्या कापण्याआधी आणलेलं प्लाय स्वतः मोजा. चाकाची पूर्ण उंचीही मोजा. दोन इंची चाक पत्र्यासकट दोन इंचांहून बरंच उंच भरतं, आणि ओट्याखाली जाणारी मांडणी तेवढ्यानेच अडते.

“घरी केली की स्वस्त पडते”

आठ बाय चारचा एक ताव ३२ चौरस फूट. आपल्या मांडणीच्या बाजू आणि फळ्या मिळून जेमतेम १२ चौरस फूट लागतात. ताव अख्खाच घ्यावा लागला, तर निम्म्याहून अधिक प्लाय कपाटामागे उभं राहतं आणि हिशेब बिघडतो. त्यापेक्षा ओळखीच्या सुताराकडे किंवा फर्निचरचं काम चालू असलेल्या इमारतीत उरलेले तुकडे विचारा. आपल्या मापाचे तुकडे बऱ्याचदा तिथे पडून असतात. बरेच प्लायवाले मापाप्रमाणे कापूनही देतात, त्यामुळे मोठ्या करवतीची गरज उरत नाही. ड्रिल, गुण्या, टेप आणि दोन-तीन शिकंजे एवढ्यावर काम भागतं. वाचलेले पैसे चाकांवर घाला, ती मात्र नवी आणि चांगलीच घ्या.