पंखांवर आलेला आळ

आमचे चिरंजीव विमानांची प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडतात. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या महायुद्धातले बी-26 मरॉडर जोडून झाले, तेव्हा त्यांनी विचारले, "बाबा, याचे पंख इतके आखूड का?" 1942 साली अमेरिकेत हाच प्रश्न पुष्कळजण रागाने विचारत होते.

मरॉडर हा मीडियम बाँबर. चार इंजिनांच्या बी-17 पेक्षा लहान, दोन इंजिनांचा. दोनएक टन बाँब घेऊन पूल, रेल्वेयार्डे, धावपट्ट्या यांवर जाणारा. बाल्टिमोरच्या मार्टिन कंपनीने तो वेगासाठी बेतला, म्हणून पंख छोटे. त्यामुळे उतरतानाही वेग ताशी सुमारे 150 मैल ठेवावा लागे. युद्धाची घाई एवढी, की नमुना विमान न बनवताच सैन्याने ऑर्डर दिली. फ्लॉरिडात टॅम्पाजवळ शिकाऊ वैमानिक इतके मरू लागले, की 'रोज एक विमान खाडीत' अशी म्हणच पडली आणि विमानाला 'विडोमेकर' म्हणू लागले.

सिनेटर ट्रूमन यांच्या समितीने चौकशी केली. पंखांचा विस्तार 65 फुटांवरून 71 फूट झाला. पण विमानाचे वजनही वाढले आणि फायदा बराचसा त्यातच गेला!

खरी गंमत पुढे आहे. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन विजेच्या मोटरने बदलत असे. जमिनीवर तपासणी करताना नवखे मेकॅनिक बाहेरची वीज न जोडता विमानाचीच बॅटरी वापरत. मग ऐन उड्डाणाच्या वेळी उतरलेल्या बॅटरीला तो कोन सांभाळता येत नसे. पाती सपाट होत, इंजिन बेफाम फिरे, पण त्या बाजूचा जोर नाहीसा. आणि वैमानिकाला दोन इंजिनांच्या विमानाची जेमतेम सवय. (प्रोग्रॅममधली चूक शोधताना मीही कितीदा असे पंख लांबवत बसलो आहे.) देखभाल आणि प्रशिक्षण सुधारले, जिमी डूलिटल यांनी एका इंजिनावर विमान उडवून दाखवले, आणि अपघात घटले.

युद्धात आणखी एक धडा मिळायचा होता. 17 मे 1943 रोजी 11 मरॉडर अगदी खालून हॉलंडवर गेले. एक बिघाडामुळे वाटेतून परतला. उरलेल्या 10 पैकी एकही आला नाही. त्यानंतर ते 10-12 हजार फुटांवरून जाऊ लागले, आणि युद्ध संपेपर्यंत युरोपातल्या अमेरिकन बाँबरांत सर्वांत कमी हानी याच बदनाम विमानाची झाली होती.

त्यांतले 200 हून अधिक मोहिमा केलेले 'फ्लॅक बेट' स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. त्याच्या अंगावर गोळ्या-तुकड्यांच्या भोकांना लावलेली हजारावर ठिगळे आहेत. आमचे चिरंजीव सध्या मॉडेलवर ती रंगवत आहेत. तीस झाली.