रशियन शिष्टाचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रशियन माणूस तुसडा असतो, हा समज वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांमध्ये आणि त्यांच्या पालकांमध्ये हमखास आढळतो. वस्तुस्थिती अशी की, हसू हे त्या समाजात ओळखीच्या माणसासाठी राखलेले असते, अनोळखी माणसाकडे पाहून उगाच हसणे तेथे खोटेपणाचे वाटते आणि म्हणून दुकानदाराच्या कोरड्या चेहऱ्यात अनादर शोधणे चुकीचे ठरते. तोच माणूस घरी बोलावतो तेव्हा पाहुण्यापुढे टेबलभर पदार्थ मांडतो.

याहून खोल गैरसमज असा की, गोऱ्यांची रीत सगळीकडे सारखीच, तेव्हा प्राध्यापकालाही नुसत्या नावाने हाक मारलेली चालते. प्रत्यक्षात शिक्षक, डॉक्टर वा वडीलधारी व्यक्ती यांना स्वतःचे नाव आणि त्यापुढे पितृनाम, म्हणजे वडिलांच्या नावाला प्रत्यय लावून झालेले नाव, असे जोडून संबोधले जाते. टॉलस्टॉय हे लेव निकोलायेविच, तर त्यांची बहीण मारिया निकोलायेव्ना, कारण वडील निकोलाय. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी लिहिणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. 1961 साली सोव्हिएत संघाचा दौरा करून त्यावर प्रवासवर्णन लिहिणारे अण्णाभाऊ साठे, ज्यांचा पुतळा सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात उभा राहिला, त्यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे हे याच घडणीचे आहे. फरक एवढाच, पण तो महत्त्वाचा : मराठी रूढीत लग्नानंतर स्त्रीच्या नावापुढे वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, रशियन स्त्रीचे पितृनाम मात्र लग्नाने बदलत नाही.

घरातील संकेतही बरेचसे ओळखीचे आहेत. पादत्राणे दाराशी काढावी लागतात आणि पाहुण्याला घरात घालायच्या सपाता दिल्या जातात. उंबरठ्यावरून हस्तांदोलन करू नये, असे मानतात. यजमानाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. फुले न्यायची तर विषम संख्येने, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीसाठी असतात.

या दोन समाजांचा संबंध सोव्हिएत काळात सुरू झाला, हेही खरे नाही. ठाण्याजवळच्या घोडबंदरच्या नावात ज्या घोड्यांच्या व्यापाराची आठवण सांगितली जाते, त्याच व्यापाराच्या आशेने अफानासी निकितिन हा त्वेर शहराचा व्यापारी पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि पुढे जुन्नर, बिदरपर्यंत गेला. येथील हिंदू उजव्या हाताने जेवतात, चमचा वापरत नाहीत, हे त्याने नोंदवले. गोरा माणूस पाहून लोक मागे लागत, हेही लिहिले. बिदरमध्ये ओळख वाढल्यावर त्याने आपला धर्म उघड केला आणि त्यानंतर तेथील हिंदूंनी जेवण, व्यापार वा पूजा यांतले काहीही त्याच्यापासून लपवले नाही, अशी त्याची नोंद आहे. त्याचे स्मारक चौललगतच्या रेवदंड्यात आहे.