एरंडाच्या बीतून नायलॉनचा धागा

तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या पोथ्या आहेत. ताडाची पानं तडकू नयेत म्हणून त्यांना गवती चहाचं तेल लावतात. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी हा संग्रह वाढवला. नीट जपलं तर झाडाचं पानही शतकानुशतकं टिकतं, हे इथे पाहायला मिळतं. टिकाऊपणाचा हाच प्रश्न आज कापडाच्या धाग्यापुढे आहे.

१९३५ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी नायलॉन ६६ बनवलं. आज त्याचा कच्चा माल मुख्यतः खनिज तेलातून येतो. त्यासाठी लागणारं अ‍ॅडिपिक आम्ल तयार करताना नायट्रस ऑक्साइड निर्माण होतो. हा वायू पृथ्वीला तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. नायलॉन ६६ला एक पर्याय १९४०च्या दशकात फ्रान्समध्ये निघाला: एरंडेलापासून बनणारं नायलॉन ११.

एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. त्याची साखळी १८ कार्बनची. तेलावर मिथेनॉलची क्रिया करून ते ५०० अंशांच्या आसपास तापवलं, की ही साखळी ७ आणि ११ कार्बनच्या तुकड्यांत तुटते. ११ कार्बनच्या तुकड्याला पुढे अमोनियातून नायट्रोजन जोडतात आणि असे रेणू हारातल्या मण्यांसारखे एकमेकांत ओवले जातात. हे नायलॉन सुमारे १९० अंशांना वितळतं. वितळलेला रस बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबून काढतात, गार करतात आणि ताणतात. ताणल्यामुळे रेणू एका दिशेत येतात. धाग्याला ताकद येते ती त्यातून.

जगातला बहुतेक एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. कमी पाण्यावर तग धरणारं हे पीक खाण्याचं नाही, पण त्यालाही जमीन आणि मजुरी लागतेच. म्हणून २०१६ मध्ये गुजरातेत शेतकऱ्यांना सुधारित लागवड शिकवणारा ‘प्रगती’ प्रकल्प सुरू झाला. मुंबईची जयंत अ‍ॅग्रो-ऑरगॅनिक्स ही कंपनी त्यात भागीदार आहे.

मात्र ‘वनस्पतीजन्य’ या लेबलवर विसंबून चालणार नाही. नायलॉन ६१० या एरंडेल वापरणाऱ्या दुसऱ्या प्रकारात एरंडाचा वाटा साधारण ६० टक्केच असतो. शिवाय नायलॉन ११ झाडापासून आलं तरी मातीत सहज कुजत नाही. म्हणून ते वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूंत घालावं, वापर संपल्यावर परत वितळवावं आणि एरंड पिकवणाऱ्याला रास्त भाव द्यावा. या तिन्ही गोष्टी होतील तेव्हाच या धाग्याला शाश्वत म्हणता येईल.