अदृश्य माणसाचेही पाय उमटतात

मागच्या वेळी आपण प्लेटोच्या 'रिपब्लिक'पाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ, पण वाट जरा वेगळी आहे.

सुट्टीत आमच्या जालन्याच्या घरी नातू आणि त्याचे मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत होते. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं. एक जण कथा चालवतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ते जमलं की नाही हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो.

तर झालं काय, जादूगार झालेल्या पोरानं अदृश्य होण्याचा मंत्र घेतला. किल्ल्यात तोच शिरला, पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली त्यानंच काढली, खजिनाही त्यानंच आणला. कथा चालवणारा आमचा नातू दर वेळी म्हणे, "तू दिसतच नाहीस, जा." पाऊण तास हेच चाललं. शेवटी योद्धा झालेली मुलगी उठली. म्हणाली, "मग आम्ही कशाला बसायचं?" चपला घातल्या आणि गेली घरी.

'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन हेच प्रकरण मांडतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. खडा आत वळवला की तो दिसेनासा होतो. तो राणीला वश करतो, राजाला मारतो, राज्य घेतो. ग्लॉकॉन विचारतो, अशी अंगठी हाती आली तर न्यायानं कोण वागेल? आमच्या त्या मुलीचा प्रश्न याच नाण्याची दुसरी बाजू आहे. ज्यांच्याकडे अंगठी नाही, त्यांनी काय करायचं?

याचं एक उत्तर आपल्याकडच्या परंपरेत आहे बरं का. आचार्य नागार्जुनाचं नाव परंपरेनं सातवाहन राजाशी जोडलं जातं, आणि सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आपलं शेजारचं पैठण. कुमारजीवाच्या नावावर असलेल्या चिनी चरित्रात नागार्जुनाच्या तरुणपणाची एक आख्यायिका येते. इतिहास म्हणून घेऊ नका, विचार म्हणून घ्या. तो आणि त्याचे तीन मित्र अदृश्य होण्याची विद्या शिकतात आणि राजाच्या अंतःपुरात शिरतात. प्रकार उघडकीला येतो. तेव्हा एक जाणता सल्ला देतो: दारांत बारीक माती पसरा. भूत असेल तर पाऊल उमटणार नाही, माणूस असेल तर उमटेल. पावलं उमटतात. शिपाई हवेत तलवारी फिरवतात, तिघे मित्र मरतात. राजाच्या अगदी जवळ तलवार चालत नाही, म्हणून नागार्जुन राजाला चिकटून उभा राहतो आणि वाचतो. वासना हेच दुःखाचं मूळ, हे त्याला तिथं कळतं.

आता ही गोष्ट खेळाच्या अंगानं पाहू. त्या जाणत्या माणसानं विद्या रद्द केली नाही. फक्त एवढं ओळखलं की न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. वजन आहे, आवाज आहे, पाऊल आहे. आणि सुटकेलाही एक जागा उरली, ती डोकं वापरणाऱ्याला सापडली. दोन्ही बाजूंना वाव मिळाला. तोल म्हणतात तो हाच.

खेळाच्या नियमकर्त्यांनाही हे ठाऊक आहे. २०१४ च्या नियमांत हा मंत्र फार तर एक तास टिकतो, आणि टिकवायला एकाग्रता लागते. हल्ला केला किंवा दुसरा मंत्र टाकला की तो संपतो. अदृश्य माणसावर वार करणाऱ्याला दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो, म्हणजे वार अवघड होतो, अशक्य नाही. चाहूल लागते, पावलं दिसतात. शिवाय हा मंत्र स्पर्शानं दुसऱ्यालाही देता येतो. आमच्या नातवानं हे वाचलंच नव्हतं. 'दिसत नाही' याचा अर्थ त्यानं 'काहीही चालेल' असा घेतला.

मग आम्ही त्याला म्हणलं, मंत्रावर बंदी घालू नकोस. ऐन वेळी नवा नियम काढून त्या पोराला अडवूही नकोस, तोही अन्यायच. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांग, काय लपतं आणि काय लपत नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः त्या मुलीला बोलवायला गेला. ती आली. या वेळी किल्ल्याचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं, ओल्यावर पाय उमटणार हे उघड होतं. जादूगार अडला. मग ती म्हणाली, "मी दारात भांडण काढते, सगळे माझ्याकडे बघतील, तू कडेकडेनं जा." पहिल्यांदाच त्या दोघांना एकमेकांची गरज पडली.

मंडळी, न दिसणारी सत्ता खेळापुरती नसते. कचेरीत असते, घरातही असते. ती नाहीशी करणं आपल्या हातात नसतं दर वेळी. दारात माती पसरणं मात्र असतं. आता प्रश्न विचारा.