व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या जीवनावरील साहित्य आणि चित्रपट

व्हिन्सेंट व्हॅन गॉग (३० मार्च १८५३ – २९ जुलै १८९०) या डच चित्रकाराच्या जीवनावर अनेक पुस्तके आणि चित्रपट निर्माण झाले आहेत. बऱ्याच वाचक-प्रेक्षकांना त्यांची पहिली ओळख मूळ चित्रांऐवजी या कलाकृतींतून होते. या कलाकृतींमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र त्यांतील काही कल्पित प्रसंग खरे चरित्र म्हणून रूढ झाले.

पत्रव्यवहार

व्हॅन गॉग यांच्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा लिखित स्रोत म्हणजे त्यांची पत्रे. त्यांनी लिहिलेली सुमारे ८२० पत्रे उपलब्ध असून त्यांपैकी सुमारे ६५० धाकटे बंधू थिओ यांना लिहिलेली आहेत. रंगसंगती, वाचलेली पुस्तके, आर्थिक अडचणी आणि हाती घेतलेली चित्रे यांचे तपशील त्यांत आढळतात. काही पत्रांत रेखाटनेही आहेत. थिओ यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी जोहाना यांनी १९१४ मध्ये ही पत्रे प्रसिद्ध केली. २००९ मध्ये पत्रांची सहा खंडांची सटीप आवृत्ती निघाली. ती इंग्रजी अनुवादासह आंतरजालावर विनामूल्य वाचता येते.

कादंबरी

अमेरिकन लेखक आयर्विंग स्टोन यांची 'लस्ट फॉर लाइफ' ही चरित्रात्मक कादंबरी १९३४ मध्ये प्रकाशित झाली. तिचा मुख्य आधार पत्रे हाच असला, तरी संवाद लेखकाने रचलेले आहेत. 'माया' नावाच्या स्त्रीचा प्रसंग पूर्णतः काल्पनिक असल्याचे स्टोन यांनी स्वतःच नमूद केले आहे.

या कादंबरीच्या तयारीतून एक अस्सल पुरावाही हाती आला. व्हॅन गॉग यांच्यावर आर्ल येथे उपचार करणारे डॉ. फेलिक्स रे यांनी १९३० मध्ये स्टोन यांना जखमी कानाची आकृती काढून दिली होती. स्टोन यांच्या कागदपत्रांतील ही आकृती २०१६ मध्ये प्रकाशात आली. कानाचा केवळ खालचा भाग कापला गेला होता, हा प्रचलित समज तिच्यामुळे मागे पडला. जवळजवळ संपूर्ण कान कापला गेल्याचे तिच्यात दिसते.

चित्रपट

* '''व्हॅन गॉग''' (१९४८) – आलाँ रेने यांचा कृष्णधवल लघुपट. संपूर्ण कथन केवळ चित्रांच्या छायाचित्रणातून केले आहे. ऑस्कर पुरस्कारप्राप्त.
* '''लस्ट फॉर लाइफ''' (१९५६) – स्टोन यांच्या कादंबरीवर आधारित. दिग्दर्शक व्हिन्सेंटी मिनेली, प्रमुख भूमिकेत कर्क डग्लस. पॉल गोगँ यांच्या भूमिकेसाठी अँथनी क्विन यांना ऑस्कर मिळाले.
* '''ड्रीम्स''' (१९९०) – अकिरा कुरोसावा यांच्या या चित्रपटातील एका भागात कलेचा विद्यार्थी थेट व्हॅन गॉग यांच्या चित्रांत शिरतो. व्हॅन गॉग यांची भूमिका मार्टिन स्कॉर्सेसी यांनी केली.
* '''लव्हिंग व्हिन्सेंट''' (२०१७) – १०० हून अधिक चित्रकारांनी तैलरंगात रंगवलेल्या सुमारे ६५,००० चौकटींपासून साकारलेला ॲनिमेशनपट.
* '''ॲट इटर्निटीज गेट''' (२०१८) – दिग्दर्शक जुलियन श्नाबेल स्वतः चित्रकार आहेत. प्रमुख भूमिका विलेम डॅफो यांची.

कल्पित प्रसंग आणि संशोधन

१९५६ च्या चित्रपटात व्हॅन गॉग गव्हाच्या शेतावर उडणारे कावळे रंगवताना स्वतःवर गोळी झाडतात. त्यामुळे 'गव्हाचे शेत आणि कावळे' हे त्यांचे अखेरचे चित्र मानले जाऊ लागले. अभ्यासकांच्या मते मात्र 'झाडाची मुळे' हे अपूर्ण राहिलेले चित्र अखेरचे आहे. मृत्यूविषयीही चित्रपटांत भिन्न मांडणी आढळते. २०११ मध्ये प्रकाशित झालेल्या एका चरित्रात, गोळी दुसऱ्याच्या हातून सुटली असावी असा तर्क मांडण्यात आला. 'लव्हिंग व्हिन्सेंट'मध्ये या शक्यतेची चर्चा आहे, तर 'ॲट इटर्निटीज गेट'मध्ये तीच घटना म्हणून दाखवली आहे. ॲमस्टरडॅम येथील व्हॅन गॉग संग्रहालयाच्या संशोधकांनी मात्र आत्महत्येचाच निष्कर्ष ग्राह्य मानला आहे.

मराठीत

'लस्ट फॉर लाइफ'चा मराठी अनुवाद माधुरी पुरंदरे यांनी केला आहे. अच्युत गोडबोले आणि दीपा देशमुख यांच्या 'कॅनव्हास' या ग्रंथात इतर पाश्चात्त्य कलावंतांबरोबर व्हॅन गॉग यांचाही परिचय आहे.