चित्रपट पुनःस्थापन
जीर्ण चित्रफितीवरील दृश्य व ध्वनी शक्य तितक्या मूळ स्वरूपात परत मिळविण्याची प्रक्रिया. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रफिती मुख्यतः सेल्युलोज नायट्रेटाच्या असत. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही असून पेटल्यावर पाण्याखालीही जळत राहते. न पेटले तरी कालांतराने त्याची भुकटी होते. व्हेनिस महोत्सवात (१९३७) गौरविला गेलेला, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित संत तुकाराम (१९३६) हा चित्रपट याच काळातील होय. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) अनेक जुन्या चित्रपटांच्या सुरक्षित फितीवर नकला काढल्या. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्याच जुन्या आवारातील नायट्रेट-कोठारास आग लागून प्रभात, बॉम्बे टॉकीज इ. संस्थांच्या मूळ फिती नष्ट झाल्या. त्यामुळे पुष्कळ चित्रपटांची आता नक्कल हीच मूळ प्रत ठरली असून, नकलेत न उतरलेला तपशील कोणत्याही यंत्राने परत येत नाही.

पुनःस्थापनासाठी उपलब्ध प्रती ताडून उत्तम भाग निवडतात, फाटलेली छिद्रे सांधतात, फीत धुतात आणि प्रत्येक चौकट संगणकात उतरवून ओरखडे, डाग व कंप काढतात. १३१ मिनिटांच्या संत तुकाराममध्ये अशा सु. १ लाख ८८ हजार चौकटी भरतात. उदय शंकर यांच्या कल्पना (१९४८) या चित्रपटाचे पुनःस्थापन पुण्यातील प्रतींवरून इटलीतील बोलोन्या येथे झाले (२०१२). घरगुती तबकडीसाठी प्रत काढताना प्रतिमा गुळगुळीत करण्याचा मोह होतो. तो घातक होय. कारण फितीचे कण पुसले, की चेहऱ्यांवरील सूक्ष्म छटाही पुसल्या जातात.