गप्पा आणि थट्टा : भाषेचे संपर्ककार्य



भाषेचे कार्य म्हणजे माहिती देणे व विचार मांडणे, असे आपण सामान्यतः मानतो. परंतु दिवसभरातील आपले पुष्कळसे बोलणे या चौकटीत बसत नाही. बीड जिल्ह्यातील एखाद्या गावात चहाच्या हॉटेलात बसलेल्या माणसाला ओळखीचा कोणी "काय करायलास?" असे विचारतो. तो चहा पीत आहे, हे विचारणाऱ्याला दिसतच असते. प्रश्न माहितीसाठी नसतो. संवाद सुरू करण्यासाठी असतो.

संकल्पना

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये या प्रकारच्या बोलण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हवापाणी, खुशाली, इकडच्या तिकडच्या गोष्टी यांतून माणसे विचारांची देवाणघेवाण करण्यापेक्षा परस्परांशी बांधली जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९६० मध्ये रोमान याकोबसन यांनी भाषेची सहा कार्ये सांगितली, त्यांत या कार्याला स्वतंत्र स्थान दिले. त्यालाच आपण येथे 'संपर्ककार्य' म्हणू.

गप्पांचे विषय

राजकारण, खेळ आणि रोजच्या किरकोळ गोष्टी हे गप्पांचे नित्याचे विषय आहेत. या विषयांवर बोलण्यासाठी कोणालाही अधिकार सिद्ध करावा लागत नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. बीडच्या सचिन धस यांनी २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या. "शेवटी जरा आधी जोर लावायला हवा होता," किंवा "चार धावांनी शतक गेलं," असे म्हणणाऱ्याला निकाल बदलायचा नसतो. अशा चर्चेला निष्कर्ष नसतो, म्हणूनच ती उद्या पुन्हा करता येते.

थट्टेचे व्याकरण

थट्टेत शब्दार्थ व अभिप्रेत अर्थ यांत अंतर असते. "लय शहाणा हायेस" हे वाक्य मित्राने हसत म्हटले तर ते आपुलकीचे असते, अनोळखी माणसाने म्हटले तर अपमानाचे. अर्थ येथे शब्दांवर नव्हे, तर स्वर, चेहरा, प्रसंग आणि नाते यांवर ठरतो. म्हणूनच बरोबरीच्याला 'तू' म्हणून चिडवले जाते, तर वडीलधाऱ्याची गंमत करताना 'अहो नाना', 'अहो तात्या' असा आदर राखला जातो.

थट्टा कोठे तुटते?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघात बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. निकाल इतका अटीतटीचा असेल, तर त्यावर गप्पा होणारच. परंतु आरक्षणाच्या प्रश्नावरून जिल्ह्यात मराठा व ओबीसी समाजांत तणाव असताना अशा गप्पांची वाट अवघड होते. भाषिकदृष्ट्या हा बदल सर्वनामात दिसतो. "तुझा अंदाज चुकला" या वाक्यात समोर एक माणूस असतो. "तुमचे लोक असेच" या वाक्यात तो माणूस नाहीसा होऊन जात उरते. आडनावातून जात ओळखली जाते, हे ध्यानी घेऊन २०२५ मध्ये बीड पोलीस दलाने नामफलकांवर आडनावाऐवजी केवळ नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. नामोल्लेख हीदेखील सामाजिक कृती असते, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

मोबाइलवरील गप्पांत ही अडचण वाढते. तेथे स्वर व चेहरा नसतो, आणि चौघांसाठी लिहिलेले वाक्य क्षणात नाते नसलेल्या शेकडो लोकांपर्यंत जाते. संदर्भ मागे राहतो, शब्द तेवढे पुढे जातात. पारावर शब्द लागला तर "अरे, गमतीनं म्हणालो," असे तिथल्या तिथे सावरता येते; पुढे गेलेल्या मजकुराला ही संधी मिळत नाही.

सारांश

गप्पा वरवर निरर्थक वाटल्या, तरी परस्परसंबंध टिकवण्याचे काम त्या करतात. मतभेद असलेली माणसे एकमेकांशी बोलत राहतात, ती बऱ्याचदा अशा किरकोळ बोलण्याच्या आधारानेच.

स्वाध्याय

तुमच्या परिसरातील बसस्थानकावर किंवा दुकानात ऐकलेली दहा वाक्ये, बोलणाऱ्यांची नावे न देता, लिहा. त्यांपैकी माहितीपर कोणती व संपर्कासाठी कोणती, ते सकारण स्पष्ट करा. एखादे थट्टेचे वाक्य निवडून ते कोणत्या नात्यात अपमान ठरेल, तेही सांगा.